न कापलेलं रीळ

"मग कापा ना सरळ मधोमध! तुमच्याकडे मशीन असेलच," नीलिमा मॅडम फोनवर म्हणाल्या.

माझ्यासमोर टेबलावर उजेडाची पेटी लावलेली होती आणि तिच्यावर रिळातून उलगडलेला फिल्मचा वीतभर भाग. पासष्टच्या युद्धातलं लढाऊ विमान, आणि तेही रंगीत! उभा जन्म फिल्मच्या लॅबमध्ये काढला, पण त्या युद्धातल्या विमानांचं रंगीत चित्रण माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. जे काही बघितलं ते काळंपांढरं, सरकारी, लांबून घेतलेलं. इथे धावपट्टीकडेचं गवत हिरवं होतं आणि आकाश निळं होतं. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या आणि या बाई म्हणत होत्या कापा.

"मॅडम, मी हिला कात्री लावणार नाही."

"अहो, पण मला फक्त विमानं हवीत. दुसरी बाजू खराब आहे असं त्या नानांनीच सांगितलंय."

"नाना फिटर होते. फिल्मवाला मी आहे. संध्याकाळी फोन करतो," असं म्हणून मी फोन ठेवला. माझा स्वभाव तसा चांगला नाही, हे लॅबमधले माझे सगळे बॉस सांगतील.

आता हे प्रकरण नीट सांगतो. मी मुंबईच्या लॅबमधून रिटायर झालो आणि पेणला परत आलो. गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर खोली घेतली आणि तिथे स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणजे जुन्या फिल्मचं एकेक चित्र टिपून कॉम्प्युटरवर चढवणारं यंत्र. खाली मूर्तींना रंग लागतात, वर मी जुन्या लग्नांच्या नि मुंजींच्या फिल्म साफ करतो. नीलिमा मॅडम हवाई युद्धांवर डॉक्युमेंटरी करत होत्या. माजी वायुसैनिकांच्या एका मेळाव्यात त्यांना नाना भेटले आणि नानांकडे "साहेबांचं एक रीळ" असल्याचं कळलं. रीळ मुंबईला पाठवायला नाना तयार होईनात. पेण चालेल म्हणाले, कारण पेणला त्यांना स्वतः येऊन समोर बसता येणार होतं.

तसे ते आले. कोलाडजवळच्या गावातून, एसटीने, सून सुनंदा हिच्याबरोबर. नाना पंचाहत्तरीचे, ताठ, मिशी कातरलेली. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला हा माणूस तरुणपणी हवाई दलात भरती झाला, विमानांचा फिटर झाला आणि नोकरी संपल्यावर परत शेतात उतरला. चालताना मात्र अजून परेडवर असल्यासारखे चालायचे.

"सुनंदा, डबा दे गो भाऊंना," ते म्हणाले.

डबा उघडताना मी आधी नाक पुढे केलं. जुनी फिल्म सडू लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, आणि बंद डब्यात तोच वास तिला आणखी सडवतो. आपल्याकडच्या दमट हवेत तर या वयाच्या फिल्मचा वडा झालेला असतो. इथे वास होता, पण अगदी पुसट. पट्टी थोडी वाकली होती, एवढंच.

"ठेवली कुठे होती?" मी विचारलं.

सुनंदा जरा लाजली. "वाळवणात ठेवतो दरसाल. तांदळाचे पापड घातले का सासूबाई बाबांचा डबा पण उघडा करून सुपात ठेवायच्या. वर जुन्या लुगड्याचं फडकं, कावळे येऊ नयेत म्हणून. त्या गेल्या, आता मी ठेवते."

मी हसत सुटलो. सडका वास दरवर्षी वाऱ्यावर उडून जात होता आणि लुगड्यामुळे ऊन लागत नव्हतं. परदेशातली संग्रहालयं यासाठी थंड खोल्या बांधतात. इथे पापडांच्या रांगेत काम झालं होतं, आणि ते का झालं हे त्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. सुनंदाला मी ते समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे बरोबर केलं ना?" मी म्हटलं, "बाई, शंभर टक्के."

नाना मात्र हसले नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी विचारलं, "पाटकरभाऊ, साहेब दिसतील काय त्याच्यात?"

"कोण साहेब?"

मग त्यांनी सांगितलं. सबनीस साहेब हे त्यांच्या विमानाचे पायलट. वय पंचविशीच्या आत, हसतमुख. कॅमेरा साहेबांचा. युद्धाच्या दिवसांत वरिष्ठांची परवानगी काढून त्यांनी स्वतः विमानांचं चित्रण केलं. युद्धबंदी झाली, पाठोपाठ दसरा आला. हँगरपुढे विमानाची पूजा मांडली. तेव्हा साहेब म्हणाले, यशवंत, आता रीळ पलटी कर आणि माझं काढ, आईला दाखवायचंय.

"आन् मी पलटी करताना घोटाळा केला," नाना म्हणाले. "भर उन्हात क्यामेरा उघडला. रीळ हातातनं निसटून सुटलं. सैल झालं सगळं. मी गुंडाळून परत बसवलं आन् साहेबांना बोललोच नाय. मजेत होते, कसं बोलू?"

त्यानंतर नाना सुट्टीवर निघाले. साहेबांनी रीळ त्यांच्याचकडे दिलं, मुंबईत धुवायला टाक म्हणून. नाना सुट्टीवर असतानाच साहेब सरावाच्या उड्डाणात गेले. युद्धातून सुखरूप आलेला माणूस एका साध्या सकाळी गेला. नानांच्या हातात धुतलेलं रीळ तेवढं राहिलं.

"पण ते लावून बघितलं नाहीत कधी?"

"बघितलं तर! रोह्याशेजारच्या अष्टमी गावाला नदीकाठी तंबूतला सिनेमा आलेला. त्याच्या मशीनवर लावलं. पडद्यावर चार चार चित्रं, दोन सुलटी, दोन खाली डोकं वर पाय. विमानं पन् चार. लोकं पोट धरून हसली. मी लगेच मशीन बंद करायला लावलं. मी तवाच वळखलं, माझ्या हातनं बिघडलं. साहेबांच्या आईला जाऊन सांगितलं, फिल्म जळली. त्यांची धाकटी बहीण होती तिथं, सुमनताई. शाळेत जायची तवा. तिनं काय विचारलं नाय, नुसती बघत राहिली माझ्याकडं."

सुमनताई आता पुण्यात असतात, सत्तरीच्या घरात. नाना दर दसऱ्याला त्यांना फोन करतात. त्यांच्याकडे भावाचा गणवेशातला एक फोटो आहे, बस. नानांना विमानांशी काही देणंघेणं नव्हतं. साहेब त्या फिल्मवर आहेत की खरंच जळून गेले, एवढंच त्यांना मरायच्या आत जाणून घ्यायचं होतं. तसं त्यांनी सरळ बोलून दाखवलं.

चार चित्रं! मी खुर्चीवरून उठलोच. त्या काळच्या घरगुती कॅमेऱ्याची फिल्म दुप्पट रुंद यायची. आधी तिच्या एका उभ्या अर्ध्यावर चित्रण करायचं. रीळ संपलं की ते उलटं बसवायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर चित्रण करायचं. गादी एका बाजूने दबली की आपण पलटतो तसं. म्हणून दुसऱ्या अर्ध्यावरची चित्रं पहिल्याच्या मानाने डोकं खाली करून पडतात. लॅबवाले धुऊन झाल्यावर पट्टी मधोमध कापायचे आणि दोन तुकडे एकापुढे एक जोडायचे. मग ती नेहमीसारखी दिसायची. तंबूवाल्याच्या मोठ्या मशीनची खिडकी दुप्पट उंच नि दुप्पट रुंद, तिच्यावर न कापलेली पट्टी लावली की पडद्यावर चार चित्रं येणारच. त्यात बिघाड काहीच नाही.

"नाना, लॅबने हे कापलं कसं नाही?"

नाना म्हणाले, "काउंटरवरच्या माणसानं इचारलं, कापून देऊ ना? मी त्याच्यावर वरडलो. साहेबांची वस्तू हाय, कापता काय? हात लावायचा नाय, जशी हाय तशी द्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. साहेबांच्या मालाला कात्री लागू नये म्हणून या माणसाने मुंबईच्या लॅबवाल्याला दम भरला होता, आणि पुढची सगळी वर्षं स्वतःला दोष देत बसला होता. मला त्यांचा राग आला, हसू आलं आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटली. मी फक्त चहा मागवला.

पण एक प्रश्न उरलाच होता. उन्हात रीळ सुटलं होतं, ते खरं होतं. फिल्मवर उजेड पडला की नारिंगी डाग पडतो आणि त्याच्याखालचं चित्र जातं. रीळ घट्ट गुंडाळलेलं असेल तर वरचे दोनतीन वेढेच जातात. सैल झालं असेल तर उजेड आत शिरतो. किती आत, ते उलगडल्याशिवाय कळत नाही. शिवाय ही कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म. हिची निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत नसते. फाटली तर संपलं.

मी हातमोजे घातले आणि हाताने उलगडायला लागलो. एक अर्धा माझ्या बाजूने सुलटा, दुसरा उलटा. नाना आणि सुनंदा समोर बसलेले. पहिले वेढे नुसते नारिंगी. दोन्ही अर्धे गेलेले.

"काय दिसतंय?" नाना.

"थांबा."

पुढचे वेढे, नारिंगी. आणखी पुढे, तेच. मग एका जागी नारिंगी रंग जरा ओसरला, परत आला, परत ओसरला. सैल वेढ्यांच्या फटीतून उजेड शिरला की असंच होतं, लाटा येतात. दोन लाटांच्या मध्ये चित्र शाबूत असतं. मी पट्टी फिरवली, उलटा अर्धा सुलटा केला आणि भिंग टेकवलं.

झेंडूची माळ. विमानाच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक. पुढच्या चाकाखाली लिंबू. आणि लाट ओसरल्यावर निळसर ओव्हरॉल घातलेला एक गोरा, किरकोळ बांध्याचा तरुण, हातात आपट्याची पानं.

"नाना, साहेबांच्या गालाला खळी पडायची का?"

नाना उठून उभे राहिले. "पडायची. डाव्या."

"मग या इकडे."

भिंगात डोळा लावून ते किती वेळ वाकून उभे राहिले कोण जाणे. सुनंदाने मागून त्यांचा खांदा धरला होता. शेवटी ते एवढंच म्हणाले, "हाय गो. हाय. जळलं नाय." आणि खुर्चीत बसून टॉवेलात तोंड घालून रडले. मीही खिडकीपाशी जाऊन उगाच खाली मूर्ती बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा तो कापा म्हणणारा फोन झाला आणि काम सुरू झालं. न कापता पट्टीची पूर्ण रुंदी स्कॅन केली. मग कॉम्प्युटरवर दोन भाग केले, दुसरा भाग फिरवला आणि चित्रांचा क्रम उलटा लावला. कात्रीचं काम कात्रीशिवाय झालं. नीलिमा मॅडमना पहिल्या बाजूचा नमुना पाठवला. दहा मिनिटांत फोन.

"पाटकर, काय हे अप्रतिम आहे! पण तुमचा रंग घसरलाय."

"कुठे घसरलाय?"

"सुरुवातीला विमान चंदेरी आहे, ते बरोबर. शेवटच्या शॉट्समध्ये तेच विमान मातकट, हिरवं-तपकिरी दिसतंय. त्या वेळी ही विमानं चंदेरी होती. फिल्म जुनी झाली, रंग उडालेत. तुम्ही ते दुरुस्त करून चंदेरी करा."

"आणि ते खरंच मातकट असेल तर?"

"ते कशावरून ठरवणार?"

प्रश्न रास्त होता. जुन्या फिल्मचे रंग दुरुस्त करताना एखादी ओळखीची वस्तू लागते, जिचा खरा रंग आपल्याला पक्का माहीत असतो. माणसाची कातडी चालत नाही, ती दहा प्रकारची. आकाश चालत नाही. पहिल्या बाजूला तसं काहीच नव्हतं, नुसती विमानं, गवत आणि खाकी. पण दुसऱ्या बाजूला झेंडू होता, कुंकू होतं, आपट्याची पानं होती! एकच फिल्म, एकाच वेळी धुतलेली. दुसऱ्या बाजूचा रंग जुळला की पहिल्या बाजूला तोच लावायचा. जी बाजू मॅडम सोडून द्या म्हणत होत्या, तिच्यावाचून त्यांच्या बाजूचा निकाल लागणार नव्हता. मला असा काही चेव आला की चप्पल न घालताच मी जिना उतरलो, पुन्हा वर आलो, चप्पल घातली आणि बाजारात गेलो.

झेंडूच्या माळा घेतल्या, नारिंगी आणि पिवळ्या, दोन्ही. कुंकवाची पुडी घेतली. फुलवालीने शेजारणीला विचारलं, "आज काय गो पूजा काढली काकांनी?" मी म्हटलं, "विमानाची." ती मला वेडा समजली असणार. गच्चीवर भर उन्हात एका पत्र्यावर सगळं मांडून फोटो काढले आणि स्क्रीनवर फिल्मच्या शेजारी लावले. फिल्ममधला झेंडू जरा गुलाबीकडे झुकला होता. तेवढा गुलाबी काढून टाकला. झेंडू झेंडूसारखा झाला, कुंकू कुंकवासारखं झालं, साहेबांच्या हातातली पानं हिरवी झाली. तेच प्रमाण पहिल्या बाजूला लावलं. चंदेरी विमान चंदेरी राहिलं. मातकट विमान मातकटच राहिलं, उलट हिरवे-तपकिरी पट्टे आणखी ठसठशीत झाले. जवळून बघितलं तर त्यात ब्रशचे फराटेसुद्धा दिसत होते.

नानांना फोन लावला. "नाना, विमानाला रंग कधी दिला होता का?"

"दिला म्हंजे? युद्ध सुरू झालं आन् वरनं चकाकतंय म्हणून हुकूम आला. आमीच फासला रातोरात, हातानं. साहेबांनी पण ब्रश धरलेला. का वो?"

दुसऱ्या दिवशी नीलिमा मॅडम स्वतः पेणला आल्या. मी दोन्ही बाजू लावल्या. शेपटीवरचा नंबर आधी चंदेरी पत्र्यावर, मग तोच नंबर मातकट रंगावर. तोच नंबर झेंडूखाली. बाई खुर्चीवर उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या.

"काळ्यापांढऱ्या फिल्मवर हे कधी कळलंच नसतं!" त्या ओरडल्या. "एकच विमान, रंग द्यायच्या आधी आणि नंतर! पाटकर, मला दुसरी बाजूसुद्धा हवी. सगळी."

"सोडून द्या म्हणाला होतात."

"मी काहीही बोलते. माझं ऐकत जाऊ नका."

बॉस लोकांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, दुसरी बाजू तुम्हाला नाना देतील, आणि त्याआधी ती एका माणसाने बघायला हवी. त्याला त्यांनी लगेच हो म्हटलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

सुमनताईंना नानांनीच फोन केला. काय बोलले मला ठाऊक नाही. दोनच दिवसांनी त्या आपल्या मुलाच्या गाडीतून पेणला उतरल्या. उंच, करड्या केसांच्या बाई. माझा जिना अरुंद आणि रंगाच्या डब्यांनी भरलेला, नाना पुढे होऊन एकेक डबा बाजूला करत त्यांना वर घेऊन आले. नानांनी आल्याआल्या हात जोडले. "ताई, मी तुमच्या आईला जळलं म्हणून सांगितलं. ते खरं नव्हतं वो."

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं, नाना? बसा तुम्ही," असं म्हणून त्यांनी त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

मी फिल्म लावली. मूकपट, आवाज नाही. नारिंगी लाटा आल्या, त्यांच्यामधून झेंडू, कुंकू, लिंबू. मग खळी पडलेला तो चेहरा. फोटोतला चेहरा ताईंना पाठ होता. जेमतेम दोन मिनिटांचा सगळा ऐवज. अगदी शेवटी साहेब विमानापासून निघून थेट कॅमेऱ्याकडे चालत येतात, कॅमेरा धरणाऱ्याला सोनं द्यायला हात पुढे करतात आणि फिल्म संपते.

ते चालू लागले आणि ताई एकदम पुढे झुकल्या.

"अरे, तो असाच चालायचा! उजवा खांदा खाली टाकून. आई ओरडायची त्याला, सरळ चाल म्हणून." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "हे मी विसरले होते हो. पूर्ण विसरले होते. फोटोत कुठे चालणं दिसतं?"

मग म्हणाल्या, "परत लावा." मी लावलं. "परत." मी लावलं. चौथ्या वेळी नाना म्हणाले, "ताई, ते सोनं मला देतायत," आणि ताईंनी न बघताच त्यांचा हात घट्ट धरला. मी नंतर मोजायचं सोडून दिलं. एवढं एकच काम मी आयुष्यात केलं असतं तरी मला चाललं असतं.

डॉक्युमेंटरीत विमानं आली, दोन्ही रंगांतली. तज्ज्ञांनी वाहवा केली. दुसऱ्या बाजूचं साहेबांचं चालणं नीलिमा मॅडमनी घेतलं, पण फक्त काही सेकंद, आणि ताईंना विचारून. मूळ रीळ अजून न कापलेलंच आहे.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतलीय. कात्री टेबलावर ठेवत नाही. समोरच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवतो. घ्यायची तर उठावं लागतं, हात वर करावा लागतो, आणि माझे गुडघे दुखतात. तेवढ्या वेळात बहुतेकदा लक्षात येतं की कापायची गरज नाही.